मैत्रिणीचा खुनी शोधण्यासाठी पंक बँड पुन्हा स्टेजवर उभा राहिला

पुण्यात डिसेंबर जवळ आला की सवाईची चर्चा सुरू होते. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला. गेलेल्या माणसाची आठवण गाण्यातून जागवायची, ही रीत आपल्याला नवीन नाही.

पण गेलेल्या मैत्रिणीसाठी बँडने पुन्हा उभं राहायचं, कार्यक्रम करायचे आणि त्या पैशातून तिचा खुनी शोधायचा?

हे अमेरिकेतल्या सिएटल शहरात घडलंय. बँडचं नाव होतं द गिट्स.

‘गिट’ ही इंग्लंडमधली शिवी. अर्थ साधारण ‘नालायक’. बँडचं मूळ नाव याहून लांबलचक होतं आणि ते माँटी पायथनच्या विनोदातून उचललेलं होतं. १९८६ मध्ये ओहायो राज्यातल्या अँटिऑक कॉलेजात चौघं एकत्र आले. मिया झपाटा गायची, मॅट ड्रेसनर बेस वाजवायचा, स्टीव्ह मोरियार्टी ड्रम्सवर आणि जो स्प्लीन गिटारवर. १९८९ मध्ये चौघांनी सिएटल गाठलं आणि १९९२ मध्ये पहिला अल्बम काढला. मियाचा आवाज जुन्या ब्लूज गायिकांसारखा भरदार होता, आणि मागे वाजायचं ते सुसाट पंक.

आता पंक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये हे संगीत रुजलं. दोन-तीन मिनिटांची गाणी, मोजके कॉर्ड, प्रचंड वेग. वाद्यावर हुकूमत नसली तरी चालेल, पण सांगण्यासारखं काहीतरी हवं. पोस्टर स्वतः चिकटवायची, कॅसेट स्वतः विकायच्या. स्टेज जेमतेम फूटभर उंच, त्यामुळे गाणारे आणि ऐकणारे एकमेकांना नावाने ओळखतात. कुणी अडचणीत सापडलं की वर्गणी गोळा करायची यांची पद्धत एकच, कार्यक्रम लावायचा.

याचं गाजलेलं उदाहरण लंडनचं आहे. द क्लॅश बँडचे जो स्ट्रमर आणि मिक जोन्स १९८३ मध्ये वेगळे झाले होते. १५ नोव्हेंबर २००२ ला संपावर असलेल्या अग्निशमन जवानांच्या मदतीसाठी स्ट्रमरचा कार्यक्रम होता. त्यात प्रेक्षकांतला जोन्स आपणहून स्टेजवर चढला. पुढच्याच महिन्यात स्ट्रमर गेला.

सिएटलमध्ये मात्र संपापेक्षा फार भयंकर काहीतरी घडलं होतं.

७ जुलै १९९३. मिया रात्री कॉमेट टॅव्हर्न या बारमधून निघाली, जवळच एका मैत्रिणीकडे थांबली आणि पुढे घरी निघाली. पहाटे साडेतीनच्या आसपास तिचा मृतदेह रस्त्यावर सापडला. बलात्कार करून तिचा गळा आवळला होता. वय २७. दुसऱ्या अल्बमचं काम चालू होतं.

साक्षीदार नव्हता. संशयित नव्हता. पोलिसांचा तपास अडला.

मग शहरातले बँड पुढे आले. महिना पूर्ण व्हायच्या आतच, ६ ऑगस्टला, निर्वाणा सिएटलच्या किंग थिएटरमध्ये मियाच्या तपासनिधीसाठी वाजवायला उभा राहिला. तेव्हा निर्वाणा जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडपैकी एक होता, हे लक्षात घ्या. पर्ल जॅम आणि साउंडगार्डन यांनीही हातभार लावला. एकूण सुमारे ७०,००० डॉलर जमले, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण २२ लाख रुपये. त्यातून ली हर्न ही खासगी डिटेक्टिव्ह नेमली गेली.

तरी डिटेक्टिव्हला दर तासाचे पैसे लागतात. निधी आटू लागला.

इथे जोन जेट आली. ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ म्हणणारी तीच. १९८२ मध्ये ते गाणं अमेरिकेत सात आठवडे पहिल्या नंबरवर होतं. मियाशी झालेल्या प्रकाराने ती हादरली होती. गिट्सचे उरलेले तिघं आणि जेट एकत्र आले, मियाची गाणी जेटने गायली आणि १९९५ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. नाव ठेवलं ‘ईव्हिल स्टिग’. हे विचित्र नाव इंग्रजीत लिहून उलटं वाचा. ‘गिट्स लिव्ह’, म्हणजे गिट्स जिवंत आहेत. मिळालेले पैसे पुन्हा तपासनिधीत.

जेटच्या जागी एखादी गायिका मियाची नक्कल करायला आणली असती, तर ते बघवलं नसतं. जेट स्वतःच्याच आवाजात गायली आणि बँडने नावही बदललं. त्यामुळे मियाची जागा रिकामीच राहिली, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

तीन वर्षं खासगी तपास चालला. खुनी सापडला नाही.

या काळात सिएटलच्या संगीत वर्तुळात एक वेगळंच विष पसरलं. हे ओळखीतल्याच कुणाचं तरी काम असणार, असं अनेकांना वाटत होतं. काल ज्याच्याबरोबर वाजवलं, त्याच्याकडेच संशयाने बघायची वेळ आली. दुसरीकडे मियाच्या मैत्रिणींनी ‘होम अलाइव्ह’ ही संस्था काढली आणि परवडेल अशा दरात स्वसंरक्षणाचं शिक्षण सुरू केलं. तिच्यासाठी १९९६ मध्ये निघालेल्या दुहेरी अल्बममध्येही निर्वाणा, पर्ल जॅम आणि साउंडगार्डन होते.

तपास रेंगाळला की काय होतं, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर झाला. त्यानंतर कार्यकर्ते वर्षानुवर्षं दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये.

मियाच्या प्रकरणाला साडेनऊ वर्षं लागली आणि धागा मिळाला तो लाळेतून. १९९३ मध्ये तिच्या शरीरावरून लाळेचा नमुना घेतला होता. तो इतका कमी होता की तेव्हाच्या तंत्राने डीएनए चाचणी शक्य नव्हती. पण कुणीतरी तो नीट जपून ठेवला. पुढे अगदी थोड्या नमुन्यातल्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो वाचण्याचं तंत्र आलं. गुन्हेगारांच्या डीएनएचा देशभराचा साठाही उभा राहिला. (आपल्याकडे असा साठा करण्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, त्यावर खासगीपणाच्या मुद्द्यावरून टीका झाली आणि २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं.)

पहिल्यांदा शोधलं तेव्हा काहीच जुळलं नाही. मग २००२ मध्ये फ्लोरिडात हेसुस मेस्किया नावाच्या मच्छीमाराला वेगळ्याच गुन्ह्यात पकडलं आणि त्याचा डीएनए साठ्यात आला. तो जुळला. जानेवारी २००३ मध्ये अटक झाली, २००४ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला ३७ वर्षांची शिक्षा झाली. अपिलानंतर ती ३६ वर्षं झाली. मियाशी त्याची ओळखही नव्हती. म्हणजे वर्तुळातल्या माणसांनी एकमेकांवर दहा वर्षं घेतलेला संशय फुकट होता.

मग कार्यक्रमांचे पैसे वाया गेले का? खुनी त्या पैशाने सापडला नाही, हे सरळ मान्य करायला हवं. पण प्रकरण बासनात गुंडाळलं गेलं नाही, यात त्या गाण्यांचा वाटा आहे असं माझं मत. ज्यांच्यासाठी कुणी बोलत नाही, त्यांच्या जुन्या फायली पुन्हा उघडायची आठवण सहसा कुणाला होत नाही.

मेस्किया २०२१ मध्ये शिक्षा भोगत असतानाच मेला. मोरियार्टीने २०२४ मध्ये मिया आणि बँडवर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी निर्वाणाचा पहिला अल्बम काढणाऱ्या सब पॉप या सिएटलच्याच कंपनीने गिट्सचं संगीत नव्याने बाजारात आणलं.