किल्ले मिळाले, मुलूख गेला

जुलै २०२५ मध्ये १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. नळदुर्ग आणि परंडा त्यात नाहीत, याची चुटपूट धाराशिवकरांना लागणं साहजिक आहे. ती यादी मराठा किल्ल्यांची. आपले हे दोन किल्ले बहमनी आणि नंतरच्या शाह्यांच्या घडणीचे. मात्र यादीतले काही किल्ले ज्या मोगल-मराठा युद्धात गाजले, त्यात परंडा आणि नळदुर्ग मोगलांकडे होते. त्यामुळे बलाढ्य सत्ता लांबलेलं युद्ध का हरते, हे इथे उभं राहून नीट दिसतं.

औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडलं. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड गेला, येसूबाई आणि शाहू कैदेत पडले. दरबाराच्या लेखी इथे विषय संपला होता. पण राजाराम महाराज जिंजीला पोहोचले आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्या फौजा मोगली रसदेवर तुटून पडू लागल्या. एका तहाने थांबावं असं एकच ठिकाण आता शत्रूकडे उरलं नव्हतं.

या युद्धाचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार मोगलांच्याच चाकरीतला आहे. भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ, दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता. ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ या फारसी ग्रंथात त्याने छावणीचं जे वर्णन केलंय, ते वाचून पोटात तुटतं. घरच्या ओढीने कंटाळलेल्या शिपायांनी बायकापोरं छावणीत आणली. तिथे जन्मलेली मुलं तिथेच वाढली, म्हातारी झाली. जगात तंबूखेरीज दुसरा निवारा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जहागिरी कागदावर राहिल्या, वसूल हाती येईना, रयत पिळली गेली आणि गावचे जमीनदार मराठ्यांना मिळाले, हेही तोच सांगतो. बादशहाच्या माणसाने लिहिलेलं हे पराभवाचं निदान मला कुठल्याही बखरीपेक्षा मोलाचं वाटतं.

१६९५ पासून बादशहाचा तळ मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी माचणूरला होता. १६९९ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, तो स्वतः किल्ले घ्यायला निघाला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड एकेक करत हाती आले, पण बहुतेक ठिकाणी गडकऱ्यांना पैसे मोजून. विशाळगडाहून फौज १७०२ च्या ऐन पावसाळ्यात परत फिरली. पन्हाळ्यापर्यंतची पन्नासेक किलोमीटरची वाट कापायला तिला ३८ दिवस लागले. ओढ्यांना पूर, चिखलात रुतलेले उंट, वाटेत टाकून दिलेलं सामान. इकडे राजाराम महाराजांच्या पश्चात लढा चालवणाऱ्या ताराबाईंचे सरदार मोगली सुभ्यांत चौथ वसूल करत होते, आणि दिलेले किल्ले पुन्हा घेत होते. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला वारला.

जे पंचवीस वर्षांच्या तोफांनी साधलं नाही, ते त्याच वर्षी एका सुटकेने साधलं. बादशहाचा मुलगा आझमशहा याने शाहूला सोडलं आणि मराठ्यांत दोन तट पडले. पुढे १७१९ मध्ये दिल्लीने चौथ-सरदेशमुखीच्या सनदा दिल्या. जे शेवटी द्यायचंच होतं, त्यासाठी एक साम्राज्य पोखरून निघालं. अफगाणिस्तानात २० वर्षं काढून २०२१ मध्ये बाहेर पडलेल्या अमेरिकेने याहून वेगळं काय केलं?

मग बलाढ्यांनी लढूच नये का? नळदुर्गाचंच दुसरं उदाहरण घ्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून याच वाटेने निजामाच्या राज्यात शिरली आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. इथली बहुसंख्य जनता आधीच निजामाविरुद्ध उभी होती. त्यानंतर मुस्लिमांवर झालेल्या अत्याचारांची सर्वाधिक झळ ज्या चार जिल्ह्यांना बसल्याचं भारत सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवलं, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, होतं. विजय जलद झाला म्हणून तो डाग पुसला जात नाही. पण युद्ध रेंगाळलं नाही, ते लोकांमुळे.

म्हणून माझं मत ठाम आहे. गाव कोणाला सारा देतं आणि अडीनडीला कोणाकडे धावतं, हे सत्ताधीशाने दरवर्षी तपासावं. उत्तर सलग विरोधात जात असेल, तर आणखी एक गड घेण्यापेक्षा बोलणी सुरू करावीत, आणि तीही आपला हात वर असताना. औरंगजेबाला ती संधी १६८९ मध्ये होती.