बुकमार्कला नाव काय दिलं?

बुकमार्क करायला ‘कंट्रोल’ आणि ‘डी’ अशा दोनच कळा लागतात. ते इतकं सोपं असल्यानेच त्यांचा ढीग साचतो आणि ऐन वेळी हवं ते सापडत नाही.

गैरसमज: जितके फोल्डर, तितकी शिस्त.

फोल्डरात फोल्डर करण्याची हौस बहुतेकांना असते. पण विजेच्या बिलाचं पान ‘घर’मध्ये टाकलं की ‘पैसे’मध्ये, हे दोन महिन्यांनी कोणाला आठवतं? ॲड्रेस बारमध्ये नावातले दोन-तीन शब्द टाइप केले की ब्राउझर बुकमार्क स्वतः शोधून देतो. फक्त बुकमार्कांतच शोधायचं असेल तर फायरफॉक्समध्ये आधी तारांकन आणि मोकळी जागा द्यावी. क्रोममध्ये ‘@’ टाइप केल्यावर येणाऱ्या यादीतून बुकमार्कांचा पर्याय निवडावा.

हा शोध चालतो नावावर आणि पत्त्यावर. सरकारी संकेतस्थळांच्या कित्येक पानांचं नाव नुसतं ‘होम’ असतं. तेच नाव राहू दिलं तर ब्राउझर तरी काय करणार? म्हणून जतन करतानाच नाव बदलावं, आणि आपण उद्या जो शब्द टाइप करू तोच तिथे लिहावा: ‘सातबारा’, ‘वीजबिल’, ‘घरपट्टी’. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला छोटा कीवर्डही देता येतो. तो टाइप करून एंटर दाबलं की थेट पान उघडतं.

फोल्डर अगदीच टाकाऊ नाहीत. रोज सकाळी जी चार-पाच पानं हमखास उघडायची, त्यांचा एक फोल्डर वरच्या पट्टीवर ठेवावा आणि त्यावर माउसचं चाक दाबावं. सगळी पानं एकदम उघडतात. माझ्या मते फोल्डरचा खरा उपयोग हाच.

गैरसमज: बुकमार्क केलं म्हणजे पान जपून ठेवलं.

जपला जातो तो फक्त पत्ता. मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवरच असतो आणि तिथून तो कधीही जाऊ शकतो. महत्त्वाचं पान पीडीएफ करून ठेवावं. बँकेचं लॉगिननंतरचं आतलं पानही बुकमार्क करू नये, सत्र संपलं की ते उघडत नाही. लॉगिनचं पान मात्र जरूर करावं. दर वेळी बँकेचं नाव शोधताना बनावट लिंकवर बोट पडण्याचा धोका टळतो.

गैरसमज: इनकॉग्निटोमध्ये केलेले बुकमार्क खिडकी बंद केल्यावर पुसले जातात.

नाही. इतिहास पुसला जातो, बुकमार्क तसेच राहतात. घरात एकच संगणक सगळे वापरत असतील तर हे ध्यानात असलेलं बरं.

बुकमार्क वाढले की ब्राउझर मंदावतो, हीही अशीच एक समजूत. बुकमार्क म्हणजे जेमतेम दोन ओळींचा मजकूर. मेमरी खातात ते उघडे ठेवलेले टॅब.

गैरसमज: सिंक चालू आहे, मग बॅकअप कशाला?

सिंक बदल पोचवतं, आणि खोडणं हाही बदलच. फोनवर चुकून फोल्डर उडवला की संगणकावरूनही जातो. म्हणून अधूनमधून बुकमार्क मॅनेजरमधून एचटीएमएल फाइल एक्स्पोर्ट करावी. या फाइलच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं नाव असतं; त्याचाच साचा पुढे सगळ्यांनी उचलला, त्यामुळे क्रोमची फाइल फायरफॉक्समध्येही चालते. फक्त तीच फाइल दोनदा इम्पोर्ट करू नका, नाहीतर प्रत्येक बुकमार्क दोनदा दिसेल.