एजंट उठून जायच्या आत

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरच्या खेळात चेंडूला आपला पाय कधीच लागत नाही. तुम्ही क्लबचे व्यवस्थापक असता. संघ निवडायचा, सराव ठरवायचा, नवे खेळाडू आणायचे आणि असलेले टिकवायचे, एवढंच तुमचं काम. यातलं टिकवण्याचं काम मला सगळ्यात प्रिय आहे. हिंगणघाटला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी हिशेब बघते. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडते आणि मुंबई सिटी या क्लबच्या खेळाडूंचे करार घेऊन बसते. वर्ध्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा रविवारी आला की आम्ही दोघं मिळून खेळतो. खेळ मला त्यानेच शिकवला. करारांचं मात्र आता तो मला विचारतो.

हा खेळ जुना आहे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या भावांनी १९९२ साली ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ नावाने तो बाजारात आणला. २००४ पासून तो ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाने निघतो. जगभरातल्या खऱ्या खेळाडूंची त्यातली माहिती इतक्या बारकाईने जमवलेली असते, की २००८ मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने खेळाडू शोधण्यासाठी ती वापरायचा करार केला. त्यामुळे यातले पगाराचे वाद मला खोटे वाटत नाहीत.

नवख्याला वाटतं, ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला खेळाडू मिळतो. आमच्या बाजार समितीत कापसाचा हर्रास तसाच होतो. ज्याची बोली वरची, गाडी त्याची, आणि कापसाला कोणी काही विचारत नाही. खेळाडूला मात्र स्वतःची इच्छा असते. त्याला मैदानावर उतरायचं असतं, मोठ्या स्पर्धेत खेळायचं असतं, कधी घराजवळ राहायचं असतं, कधी आवडत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली जायचं असतं. एकाच खेळाडूमागे तीन क्लब लागले की तो हे सगळं पगाराबरोबर तोलतो आणि मग ठरवतो. त्याला नेमकं काय हवंय हे ज्याने आधी ओळखलं, त्याची बाजू तिथेच वरचढ होते.

माझ्या संघात बावीस वर्षांचा एक डावा बचावपटू होता. खेळ पुढे सरकतो तसे संगणक नवे खेळाडू जन्माला घालतो, हा त्यांतलाच. त्याच्या करारात एक हंगाम उरला होता. भारतात क्लबांचे करार सहसा ३१ मेला संपतात आणि फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम असा, की करार संपायला सहा महिने राहिले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. म्हणजे डिसेंबर लागला की तो तुमच्याच जर्सीत खेळता खेळता दुसरीकडे सही करून मोकळा होतो आणि क्लबच्या हाती रुपया येत नाही.

करार संपलेल्या खेळाडूला असं मोकळं जाता यावं, यासाठी बेल्जियमचा ज्याँ-मार्क बॉसमन युरोपच्या न्यायालयापर्यंत लढला. १५ डिसेंबर १९९५ ला निकाल त्याच्या बाजूने लागला. तोवर करार संपला तरी क्लब खेळाडूची किंमत मागू शकत असे. या निकालाने खेळाडूच्या हातात ताकद आली, आणि ती यायलाच हवी होती. व्यवस्थापकाने तेवढं कॅलेंडर बघून चालावं.

मी जुलैतच बोलणी काढली. दुसरा एक क्लब दीडपट पगार द्यायला तयार असल्याची बातमी पडद्यावर झळकत होती. भाचा म्हणाला, “मावशी, देऊन टाक नं तेवढेच. तो चाललाच जाईन.” मी दिले नाहीत. एकाचा पगार एकदम वर गेला की बाकीचे येऊन दार ठोठावतात आणि वर्षभरात पगाराचा सगळा जिना मोडतो. आधी मी त्याचं स्थान बदललं. करारात प्रत्येक खेळाडूला संघात त्याची जागा काय हे लिहून द्यावं लागतं: हुकमी, महत्त्वाचा, नियमित, राखीव, भविष्याचा. तो ‘राखीव’ होता, मी ‘नियमित’ लिहिलं. त्याच्या वतीने बोलणी करणाऱ्या एजंटचा सूर तिथेच मऊ झाला.

मग मूळ पगार थोडाच वाढवला आणि उरलेलं अटींमध्ये वाटून दिलं. प्रत्येक सामन्यामागे मानधन. ठरावीक सामने खेळला की आपोआप पगारवाढ. विरुद्ध संघाला गोल करू दिला नाही तर बचावपटूला बक्षीस. असा पैसा तो खेळला तरच द्यावा लागतो, आणि जो खेळतोय त्याला द्यायला जीव कचरत नाही. एजंटने सुटकेची रक्कम मागितली. म्हणजे तेवढे पैसे कोणी आणले की क्लबला नाही म्हणता येत नाही. ही अट मी फक्त परदेशी क्लबांपुरती मान्य केली. पोरगा उद्या परदेशात गेला तर मला आनंदच आहे. आपल्याच लीगमधल्या प्रतिस्पर्ध्याकडे स्वस्तात जायला नको, एवढंच मला बघायचं होतं.

पडद्यावर प्रत्येक अटीशेजारी कुलूप असतं. ते लावलं की ‘यावर आता बोलणी नाही’ असा अर्थ होतो. नवशिके सगळीकडे कुलपं लावतात. मग एजंट वैतागतो, उठून जातो आणि पुढे बरेच दिवस तोंड दाखवत नाही. मी कुलूप एकाच जागी लावते, जिथे माझा जीव आहे तिथे. त्या दिवशी ते सुटकेच्या अटीला होतं. बाकी सगळ्यावर दोन पावलं मागे आले, आणि सही झाली.

त्यानंतर शब्द पाळायचा. ‘नियमित’ लिहून दिलं असेल तर त्याला खेळवायचंच. संघ मजबूत करू असं सांगितलं असेल तर खेळाडू आणायचेच. नाही केलं तर तो नाराज होतो, त्याचे मित्र नाराज होतात आणि खेळ ते विसरत नाही. पुढच्या वेळी त्याच माणसाशी बोलताना दुप्पट किंमत पडते.

नुसत्या पैशाने काम भागत नाही, हे खऱ्या मैदानावरही दिसतं. १० जुलै २०१५ ला मुंबईत इंडियन सुपर लीग या आपल्या फुटबॉल लीगसाठी खेळाडूंचा लिलाव झाला. सुनील छेत्रीला मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतलं, युजीनसन लिंगडोहला एफसी पुणे सिटीने १ कोटी ५ लाखांना. दोन्ही मोठ्या बोली महाराष्ट्राच्या संघांच्या. छेत्रीने त्या हंगामात हॅटट्रिकही केली. तरी मुंबई पहिल्या चारांत आली नाही आणि पुण्याचा क्लब २०१९ मध्ये बंद झाला. याच लीगमध्ये २०२१-२२ पासून अकरांत जास्तीत जास्त चारच परदेशी खेळाडू उतरवता येऊ लागले. म्हणजे किमान सात जागा भारतीयांच्या. देशात चांगले बचावपटू मोजके, म्हणून त्यांच्यामागे झुंबड.

अन्वर अली या बचावपटूचं प्रकरण त्यातूनच पेटलं. दिल्ली एफसीकडून तो लांब मुदतीच्या उसनवारीवर मोहन बागानमध्ये होता. २०२४ मध्ये ती मोडून त्याने ईस्ट बंगालशी पाच वर्षांचा करार केला. १० सप्टेंबरला भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई सांगितली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि काही दिवसांतच समितीने आदेश मागे घेऊन पुन्हा सुनावणीची तयारी दाखवली. हाच अन्वर २०१९ मध्ये मुंबई सिटीत असताना त्याच्या हृदयाचा आजार उघडकीला आला होता. आता कधीच खेळू शकणार नाही असं वाटणाऱ्या पोराच्या सहीसाठी पुढे दोन क्लब भांडले, हे वाचताना मला भरून आलं होतं.

आणि जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी लीगच थांबवली. काही क्लबांनी पगार रोखले. सही केलेला करार हातात असूनही लोक घरी बसले. खेळात अशी वेळ माझ्यावर आली नव्हती, त्यामुळे त्यानंतर मी फिफाचे खरे नियम वाचायला घेतले.

भाच्याचे दोन मित्र नागपूर-कामठीच्या बाजूला क्लबकडून खेळतात, त्यांनाही ते सांगितले. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराच्या आत असाल तर तीनच. वैद्यकीय तपासणीत पास झालात तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. तपासणी करायची ती सहीच्या आधी. दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी कळवून किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडता येतो. त्यातल्या एकाने विचारलं, “लेखी म्हणजे व्हॉट्सॲप चालते का?” मी त्याला स्पीड पोस्टाने पाठवायला सांगितलं, आणि पावती जपून ठेवायला.