तडजोड की नादारी? पगारदार ऋणकोपुढील दोन मार्गांचा विचार

बीजसंज्ञा : ऋणको, धनको, एकरकमी तडजोड, नादारी, जामीनदार, पगारजप्ती

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकांचा वर्ग हा स्थिर उत्पन्नाचा वर्ग मानला जातो. त्यामुळेच बँका, पगारदार नोकरांच्या पतसंस्था व क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था या वर्गास सहजतेने कर्ज देतात. परंतु घरातील दीर्घ आजारपण, नियुक्तीच्या मान्यतेस झालेला विलंब किंवा आप्ताच्या व्यवसायासाठी दिलेला जामीन अंगावर येणे, यांपैकी एखादे कारणही हप्त्यांची घडी विस्कटण्यास पुरेसे ठरते. थकबाकी वाढू लागली की दोन मार्गांची चर्चा सुरू होते. पहिला मार्ग म्हणजे धनकोशी बोलून कमी रकमेत हिशेब मिटविणे, आणि दुसरा म्हणजे न्यायालयात नादारीचा अर्ज करणे. पहिला प्रतिष्ठेचा व दुसरा नामुष्कीचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या समजुतीमुळे मूळ भेद दृष्टीआड होतो. तडजोड एकेका धनकोशी होते. नादारी मात्र सर्व धनकोंशी एकाच वेळी होते. म्हणून कोणता मार्ग घ्यावा हे ठरविण्यापूर्वी आपले धनको किती, कोणत्या प्रकारचे आणि त्यांच्यामागे जामीनदार कोण, याची संपूर्ण यादी मांडणे अगत्याचे ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला व तो पुणे-अहमदनगर परिसरात पसरला. त्यानंतर पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. या एकाच कायद्यात सलोखा घडविणाऱ्या पंचांची योजना होती आणि शेतकऱ्यांच्या नादारीचीही तरतूद होती. तडजोड व नादारी हे एकाच आजारावरील दोन उपाय आहेत, ही जाणीव त्या काळच्या कायदेकर्त्यांना होती असे यावरून दिसते.

आज व्यक्तीच्या नादारीस मुंबई शहरात १९०९ चा इलाखा शहरे नादारी अधिनियम व उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू आहे. पहिल्याखाली अर्ज उच्च न्यायालयात, तर दुसऱ्याखाली जिल्हा न्यायालयात करावा लागतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. मात्र तो १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला. सामान्य पगारदारासाठी शतकापूर्वीचे जुने कायदेच अद्याप चालू आहेत. पुढील विवेचन मुख्यतः १९२० च्या अधिनियमास अनुसरून केले आहे.

तडजोडीचे स्वरूप

एकरकमी तडजोड हा करार आहे, हक्क नव्हे. ऋणकोने मागणी केली म्हणून बँकेने ती मान्य केलीच पाहिजे असा आदेश न्यायालय देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना अशा तडजोडींसाठी संचालक मंडळाने संमत केलेले धोरण आखण्यास सांगितले. तडजोडीनंतर त्याच ऋणकोस नवे कर्ज देण्यापूर्वी, शेतीकर्ज वगळता, किमान १२ महिन्यांचा काळ जाऊ द्यावा असेही त्यात म्हटले आहे. पतमाहिती संस्थेच्या नोंदीत अशा खात्यापुढे 'पूर्ण फेड' याऐवजी 'तडजोडीने बंद' अशा अर्थाचा शेरा येतो व पुढील कित्येक वर्षे नव्या कर्जाच्या वेळी तो आड येतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मुदत कायद्यानुसार साध्या कर्जाचा दावा सामान्यतः ३ वर्षांत करावा लागतो. ही मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने आपल्या सहीने देणे कबूल केले, तर मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. तडजोडीचा अर्ज लिहिताना 'माझ्याकडून येणे असलेली अमुक रक्कम' असे वाक्य सहज लिहिले जाते. ते वाक्य कबुली ठरू शकते, याचे भान फार थोड्यांना असते.

पगार आणि भविष्य निर्वाह निधी

धनकोला न्यायालयामार्फत जास्तीत जास्त किती मिळू शकेल, हे माहीत असल्याशिवाय तडजोडीची रक्कम ठरविता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार, पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यांच्या वसुलीत पगाराचे पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. समजा, एका सहायक प्राध्यापकाचा जप्तीसाठी विचारात घेण्याजोगा मासिक पगार ६१,००० रुपये आहे. त्यातून महिन्याला २०,००० रुपयांपेक्षा अधिक जप्ती होऊ शकत नाही. एकाच हुकूमनाम्यापोटी जप्ती एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा होतो. म्हणजे एका धनकोस पगारातून मिळू शकणारी कमाल रक्कम ४,८०,००० रुपये, आणि तीही दावा, हुकूमनामा व दरखास्त या तिन्ही पायऱ्या पार केल्यावर.

याच प्राध्यापकावर गृहकर्जाव्यतिरिक्त एका बँकेचे ७ लाखांचे वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डांचे साडेचार लाख, पतसंस्थेचे ६ लाख व मेहुण्याकडून हातउसने घेतलेले ३ लाख, असे एकूण साडेवीस लाखांचे विनातारण देणे आहे असे कल्पूया. वैयक्तिक कर्ज देणारी बँक ४ लाखांत हिशेब मिटविण्याची तयारी दर्शविते. सवलत ३ लाखांची असल्याने प्रस्ताव आकर्षक वाटतो. प्राध्यापकमहाशय भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून ती भरतात. परिणाम असा की साडेतेरा लाखांचे देणे तसेच राहते व निधी मात्र संपतो. वास्तविक भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक कायद्याने जप्तीपासून सुरक्षित असते. नादारीतही ती धनकोंच्या हाती जात नाही. कोणत्याही धनकोला हात लावता आला नसता अशी एकमेव ठेव या गृहस्थांनी आपण होऊन एका धनकोच्या स्वाधीन केली. पगारदारांच्या तडजोडींत याहून मोठी चूक नाही, असे आमचे मत आहे.

याचा अर्थ तडजोड करूच नये असा नाही. विनातारण धनको एक किंवा दोनच असतील, रक्कम चालू मिळकतीतून अथवा आप्तांच्या मदतीतून उभी राहत असेल, आणि त्या भरण्याने सर्व देण्यांचा प्रश्न मिटत असेल, तर तडजोडच श्रेयस्कर होय. धनको पाच-सहा असतील व एकाचे समाधान दुसऱ्याच्या दाव्याला थांबवू शकत नसेल, तेथे मात्र विचार बदलावा लागतो.

नादारीने काय होते

१९२० च्या अधिनियमाखाली ज्याला आपले देणे फेडता येत नाही अशा व्यक्तीचे देणे ५०० रुपये असले तरी तिला अर्ज करता येतो. ही रक्कम आज हास्यास्पद वाटावी इतकी जुनी आहे. न्यायालयाने नादार ठरविल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणत्याही सामान्य धनकोस नवा दावा लावता येत नाही. तारण घेतलेल्या बँकेस मात्र हे बंधन नाही. गृहकर्ज थकले असल्यास २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन ती घराचा ताबा घेऊ शकते. घर वाचविण्यासाठी नादारीचा अर्ज करणाऱ्याची निराशा होते, ती यामुळेच.

मुक्ततेचा आदेश हा या प्रक्रियेचा खरा हेतू होय. तो मिळाल्यावर सिद्ध होऊ शकणाऱ्या देण्यांतून ऋणको मोकळा होतो. शासनाचे देणे, कपटाने केलेले कर्ज व पोटगीची बाकी यांतून मात्र नाही. मालमत्तेतून विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर ती स्थिती आपल्या दोषामुळे ओढवली नाही हे ऋणकोस दाखवावे लागते. सट्टा, जुगार वा उधळपट्टीने देणे वाढले असल्यास बिनशर्त मुक्तता मिळत नाही. मधल्या काळात, म्हणजे मुक्तता होईपर्यंत, नादार व्यक्तीस विधिमंडळाचे सदस्य किंवा कंपनीचे संचालक होता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ शासकीय कर्मचाऱ्याने नादारी टाळावी अशी अपेक्षा करतात. अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाने आपल्या विद्यापीठाचे परिनियम आधी पाहावेत.

जामीनदाराचा प्रश्न

पतसंस्थांच्या कर्जात सहकारी अध्यापक एकमेकांचे जामीनदार असतात. एकाच विभागात, एकाच स्टाफरूममध्ये बसणारी ही माणसे असतात. ऋणको नादार ठरून मुक्त झाला, तरी अधिनियमाच्या कलम ४४ नुसार जामीनदार मुक्त होत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखला घेऊन त्याच्या पगारावर येऊ शकते. याउलट, करार अधिनियमाच्या कलम १३४ व १३५ नुसार धनकोने जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ ऋणकोस मोकळे केले किंवा त्याच्याशी तडजोड केली, तर जामीनदारही सुटतो. मात्र हा हक्क सोडून दिल्याचे कलम बहुतेक जामीनपत्रांत छापलेले असते व ते न वाचताच सही केली जाते. आपल्यामागे सहकाऱ्याची सही असेल, तर नादारीच्या अर्जापूर्वी ते कर्ज तडजोडीने मिटविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, व नैतिकदृष्ट्या तो समर्थनीयही म्हणता येईल.

परंतु कायदा येथे आडवा येतो. देणे फेडण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीने एका धनकोस झुकते माप देण्याच्या हेतूने भरणा केला आणि त्यानंतर ३ महिन्यांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर ती नादार ठरली, तर कलम ५४ नुसार तो भरणा रद्दबातल होतो. त्याचप्रमाणे नादार ठरण्यापूर्वीच्या २ वर्षांत पत्नीच्या वा मुलाच्या नावे केलेले विनामोबदला हस्तांतरणही रद्द होऊ शकते. म्हणून 'आधी तडजोड, मग नादारी' हा क्रम तारखा पाहूनच ठरवावा लागतो.

अधिनियमातील मधला मार्ग

फारसा परिचित नसलेला एक मार्ग १९२० च्या कायद्यातच आहे. नादार ठरल्यानंतर ऋणको कलम ३८ खाली सर्व धनकोंपुढे तडजोडीची योजना ठेवू शकतो. धनकोंच्या संख्येचे बहुमत व देण्याच्या मूल्याचे तीन चतुर्थांश मत मिळाले आणि न्यायालयाने योजना मंजूर केली, तर विरोध करणाऱ्या धनकोंवरही ती बंधनकारक होते. खासगी तडजोडीत नसलेले सर्वांना बांधण्याचे सामर्थ्य आणि नादारीत नसलेली रक्कम ठरविण्याची मोकळीक येथे एकत्र येतात. वर कल्पिलेल्या प्राध्यापकाने निधी न मोडता, पगारातून महिना २०,००० रुपये ठरावीक काळ देण्याची योजना मांडली असती, तर साडेवीस लाखांच्या सर्व विनातारण धनकोंना प्रमाणात वाटा मिळाला असता. जिल्हा न्यायालयांतील विलंब ही या मार्गातील खरी अडचण आहे, आणि वकीलवर्गातही तो फारसा प्रचलित नाही.

खासगी तडजोडच करावयाची ठरल्यास ती शक्यतो लोकअदालतीत नोंदवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नसते. पत्रात एकूण रक्कम, भरण्याची तारीख, जामीनदाराची मुक्तता, सही केलेल्या कोऱ्या धनादेशांची परतफेड व प्रलंबित धनादेश खटला मागे घेण्याची हमी या बाबी स्पष्ट असाव्यात. वसुली प्रतिनिधीने दूरध्वनीवर दिलेल्या आश्वासनावर पैसे भरू नयेत. बँकेच्या अधिकृत सहीचे पत्र हाती आल्यावरच भरावेत.