संगणक मंच

संगणक मंच : हिशेब, मजकूरलेखन, आरेखन, संदेशवहन इ. प्रत्यक्ष कामे करणाऱ्या आज्ञावल्या ज्या पायावर रचल्या व चालविल्या जातात, त्या यंत्रसामग्रीच्या व मूलभूत सॉफ्टवेअरच्या एकत्रित व्यवस्थेस संगणक मंच म्हणतात. प्रक्रियक (संगणकातील गणन व नियंत्रण करणारा भाग), परिचालन प्रणाली आणि आज्ञावल्या लिहिण्याची साधने हे त्याचे प्रमुख घटक होत. व्यवहारात मंचाची ओळख बहुधा परिचालन प्रणालीच्या नावाने होते, उदा., विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड. एका मंचासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्या मंचावर सामान्यतः जशीच्या तशी चालत नाही. मंचांमधील स्पर्धा, आज्ञावलीकारांपुढील मंचनिवडीचा प्रश्न आणि वापरणाऱ्यांचे एकाच मंचाशी जखडले जाणे, या सर्वांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

सेवासंकेत : फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, स्मृतीत जागा मिळविणे यांसारख्या सेवा आज्ञावलीला परिचालन प्रणालीकडून मागून घ्याव्या लागतात. या मागण्या कोणत्या नावाने, कोणत्या क्रमाने व कोणत्या स्वरूपात करावयाच्या, हे मंच तयार करणाऱ्याने ठरविलेले असते. अशा ठराविक पद्धतींना प्रस्तुत नोंदीत ‘सेवासंकेत’ म्हटले आहे. सेवासंकेत हा मंच व आज्ञावलीकार यांच्यातील एक प्रकारचा करार होय. तो पाळला जाईल तोवर मंचाची आतील रचना आमूलाग्र बदलली, तरी जुनी आज्ञावली चालू राहते. तो मोडला, तर आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल झालेला नसताना ती बंद पडते.

इतिहास : आरंभीच्या काळात प्रत्येक संगणक हाच एक स्वतंत्र मंच असे. एकाच कंपनीचे दोन संगणकही परस्परांच्या आज्ञावल्या चालवू शकत नसत. मोठा संगणक घेणाऱ्या संस्थेला सर्व आज्ञावल्या पुन्हा लिहून घ्याव्या लागत. आय्‌बीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणककुलाने ही स्थिती पालटली. या कुलातील लहानमोठ्या संगणकांची अंतर्रचना भिन्न असली, तरी त्यांचा आज्ञासंच समान होता. या कुलाच्या वंशातील संगणकांवर त्या काळातील पुष्कळ उपयोजित आज्ञावल्या आजही चालू शकतात. पुढे १९६९ मध्ये आय्‌बीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहण्यास चालना मिळाली.

मंचांच्या भिन्नतेतून भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाला आरंभीचे काम मिळाले. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेच्या सुरुवातीच्या परदेशी कामांपैकी एक, बरोज कंपनीच्या एका प्रकारच्या संगणकांवरील रुग्णालयविषयक आज्ञावल्यांचे त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकारच्या संगणकांसाठी रूपांतर करणे, हे होते.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेली ‘युनिक्स’ ही परिचालन प्रणाली १९७३ मध्ये ‘सी’ या उच्चस्तरीय भाषेत पुन्हा लिहिण्यात आली. परिणामी ती कोणत्याही एका प्रक्रियकाला बांधलेली राहिली नाही. तथापि अनेक कंपन्यांनी तिच्यात आपापले फेरफार केल्यामुळे युनिक्सचेच परस्परविसंगत प्रकार निर्माण झाले. ही फूट सांधण्यासाठी १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ हे प्रमाणित सेवासंकेत प्रसिद्ध करण्यात आले.

वैयक्तिक संगणकांतील स्पर्धा : सूक्ष्मसंगणकांच्या पहिल्या पिढीत गॅरी किल्डॉल यांची ‘सीपी/एम’ ही परिचालन प्रणाली विशेष प्रचलित होती. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय्‌बीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘डॉस’ आणि ‘सीपी/एम’ची नवी आवृत्ती, या दोन्ही प्रणाल्या देण्याचे ठरले होते. डॉसची किंमत ४० डॉलर होती. सीपी/एम मागाहून उपलब्ध झाली आणि तिची किंमत २४० डॉलर होती. किंमत व वेळ यांइतकेच आणखी एक कारण महत्त्वाचे होते. डॉसचे सेवासंकेत मुळातच सीपी/एमच्या धर्तीवर बेतलेले असल्यामुळे जुन्या प्रणालीवरील आज्ञावल्या नव्या प्रणालीवर आणणे सोपे गेले. प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या आज्ञावल्यांचा साठाच अशा रीतीने नव्या मंचाच्या कामी आला.

आज्ञावल्यांमुळे यंत्र विकले जाते, हे याच काळात स्पष्ट झाले. १९७९ मधील ‘व्हिझिकॅल्क’ या कोष्टकगणनाच्या आज्ञावलीमुळे अनेक व्यावसायिकांनी ‘ॲपल–२’ संगणक विकत घेतला. १९८३ मधील ‘लोटस १–२–३’ या आज्ञावलीने तीच कामगिरी आय्‌बीएमच्या संगणकासाठी केली. मंचावर वापरणारे अधिक असतील, तर आज्ञावलीकार तिकडे वळतात आणि आज्ञावल्या अधिक असतील, तर वापरणारे तिकडे वळतात. हे चक्र एकदा फिरू लागले की, पुढे असलेला मंच आणखी पुढे जातो व मागे पडलेल्यास केवळ तांत्रिक गुणवत्तेच्या बळावर त्यास गाठता येत नाही.

‘ओएस/२’ या परिचालन प्रणालीचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. आय्‌बीएम व मायक्रोसॉफ्ट यांनी संयुक्तपणे विकसित केलेली ही प्रणाली १९८७ मध्ये बाजारात आली. १९९० मधील ‘विंडोज ३.०’च्या यशानंतर दोन्ही कंपन्यांचे मार्ग वेगळे झाले. आय्‌बीएमने १९९२ मध्ये काढलेली ‘ओएस/२ २.०’ ही आवृत्ती अनेक कामे एकाच वेळी व परस्परांपासून सुरक्षित ठेवून करण्यात तत्कालीन विंडोजपेक्षा सरस होती. शिवाय तिच्यावर विंडोजच्या आज्ञावल्याही चालत. वापरणाऱ्यांना ही सोय वाटली. आज्ञावलीकारांनी मात्र तिचा वेगळाच अर्थ घेतला. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली दोन्हीकडे चालत असेल, तर ओएस/२ साठी स्वतंत्रपणे लिहिण्याचे कारण उरत नव्हते. दुसऱ्याचे सेवासंकेत स्वीकारणे डॉसच्या बाबतीत वर जाण्याची शिडी ठरले, तर ओएस/२ च्या बाबतीत स्वतःच्या आज्ञावल्यांचा साठा वाढण्यात अडथळा ठरले. सीपी/एमची घोडदौड नव्या प्रक्रियकाच्या आगमनाने खंडित झाली होती. उलट विंडोज स्वतःच वेगाने वाढत होती, हा या दोन उदाहरणांतील फरक होय.

अमेरिकेच्या केंद्र शासनाने व अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टविरुद्ध १९९८ मध्ये मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. त्यातील नोव्हेंबर १९९९ च्या वस्तुस्थितीविषयक निष्कर्षांत न्यायालयाने या चक्राला बाजारात प्रवेश करण्यातील अडसर मानले. विंडोजसाठी ७०,००० हून अधिक आज्ञावल्या उपलब्ध असताना ओएस/२ साठी भरभराटीच्या काळातही त्या सु. २,५०० च होत्या, असे त्यात नमूद आहे. कंपनीचे विभाजन करण्याचा २००० मधील आदेश अपील न्यायालयाने २००१ मध्ये रद्द केला. मात्र मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविल्याचा निष्कर्ष मुख्यतः कायम राहिला.

नव्या आवृत्त्या : मंचाची नवी आवृत्ती प्रसृत झाली की, आज्ञावलीकारांत तिची कसोशीने चर्चा होते. सामान्य वापरणाऱ्याचे लक्ष बाह्य स्वरूपातील बदलांकडे असते. आज्ञावलीकार मात्र कोणते सेवासंकेत नवे आले, कोणते काढून टाकले, जुन्या आवृत्तीला किती वर्षे आधार मिळणार आणि आपली आज्ञावली पुन्हा तपासण्यास किती श्रम पडणार, हे पाहतो. मंचचालकाच्या दृष्टीने जुना संकेत कायम ठेवणे म्हणजे जुन्या चुका व सुरक्षेतील उणिवाही सांभाळणे होय. आज्ञावलीकाराच्या दृष्टीने तो काढणे म्हणजे झालेले काम पुन्हा करणे होय. नव्या आवृत्तीविषयीच्या बहुतेक वादांचा गाभा हा आहे.

याबाबत भिन्न धोरणे आढळतात. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्यात कोणताही बदल करताना, चालू असलेली उपयोजित आज्ञावली बंद पडता कामा नये, असा दंडक आहे. ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणकाचा प्रक्रियक १९९४, २००६ व २०२० मध्ये असा तीनदा बदलला. प्रत्येक वेळी जुन्या प्रक्रियकाच्या आज्ञा नव्यासाठी रूपांतरित करणारी व्यवस्था काही काळ पुरविली. याच्या उलट उदाहरण ‘पायथन’ या भाषेचे आहे. डिसेंबर २००८ मध्ये प्रसृत झालेली तिची तिसरी आवृत्ती दुसरीशी हेतुपुरस्सर विसंगत ठेवली होती. भाषेतील मूळ दोष, विशेषतः अक्षरसंच हाताळण्यातील गोंधळ, दूर करणे हा तिचा एक उद्देश होता. बदल हितकारक होता, तरी दुसऱ्या आवृत्तीचा आधार २०१५ ऐवजी १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला. अनेक आज्ञावल्या इतरांनी लिहिलेल्या आज्ञावल्यांवर अवलंबून असतात व त्या रूपांतरित झाल्याखेरीज यांचे रूपांतर करता येत नाही, हे या विलंबाचे एक प्रमुख कारण होते.

भ्रमणध्वनीचे मंच : ॲपलने १० जुलै २००८ रोजी आयफोनसाठी आज्ञावलींचे विक्रीकेंद्र सुरू केले, तेव्हा त्यात सु. ५०० आज्ञावल्या होत्या. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला दूरध्वनी त्याच वर्षी विक्रीस आला. या पद्धतीत मंचचालक केवळ पाया पुरवीत नाही, तर कोणती आज्ञावली विक्रीस ठेवावी हेही ठरवितो आणि विक्रीतील हिस्सा घेतो. आरंभी हा हिस्सा ३० टक्के होता. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये ‘विंडोज फोन’ आणला व २०११ मध्ये नोकिया कंपनीने तो स्वीकारला, तरीही लोकांना हव्या असलेल्या अनेक आज्ञावल्या त्यावर आल्या नाहीत किंवा फार उशिरा आल्या. वैयक्तिक संगणकांत जे चक्र मायक्रोसॉफ्टला अनुकूल होते, तेच येथे प्रतिकूल ठरले. त्याच्या वारसदार आवृत्तीचा आधार जानेवारी २०२० मध्ये बंद झाला.

कायदेशीर प्रश्न : सेवासंकेतांवर स्वामित्व सांगता येते काय, हा प्रश्न अँड्रॉइडमध्ये ‘जावा’ भाषेचे संकेत वापरल्यामुळे न्यायालयात गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी हा विशिष्ट वापर न्याय्य ठरविला. संकेतांना लेखाधिकार लागू होतो काय, याचा निर्णय मात्र त्याने दिला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. यूरोपीय संघाच्या ‘डिजिटल मार्केट्स ॲक्ट’ या कायद्याची बंधने मोठ्या मंचचालकांना मार्च २०२४ पासून लागू झाली.

भारतीय भाषा : मंचबदलाची किंमत मराठी मजकुरानेही मोजली आहे. डीटीपी पद्धतीने अक्षरजुळणी रूढ झाली, तेव्हा देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेले टंक वापरले जात आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असे. तो टंक नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन दिसे. पुस्तक छापले जाई, तोवर हा दोष लक्षात येत नसे. पुनर्मुद्रणाच्या वेळी जुने टंक नव्या प्रणालीवर उपलब्ध नसले, तर मजकूर पुन्हा जुळवावा लागे. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ आणि त्याच वर्षीचे ‘युनिकोड’ यांमुळे अक्षराचा संकेत टंकापासून वेगळा झाला. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीचा आधार ‘विंडोज २०००’ या आवृत्तीपासून मिळू लागला. संकेत समान झाला, तरी जोडाक्षरे घडविण्याचे काम मंचाकडेच असते. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या शब्दांतील भेद मंचाच्या नियमांत तशी तरतूद असेल, तरच पडद्यावर नीट उमटतो.

आंतरजालावरील प्रमाणित भाषा, ‘जावा’सारख्या मध्यस्थ व्यवस्था आणि खुली संहिता यांमुळे आज्ञावली एका मंचावरून दुसऱ्यावर नेणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. तथापि मध्यस्थ व्यवस्था लोकप्रिय झाली की, ती स्वतःच नवा मंच बनते आणि आज्ञावल्या तिच्या आवृत्त्यांशी बांधल्या जातात. त्यामुळे मंच निवडताना आज तो काय देतो याबरोबरच, तो सोडावा लागल्यास आपले काम व आपला मजकूर बरोबर नेता येईल काय, हेही पाहणे अगत्याचे ठरते.