बादलीतलं विरजण

डब्याचं झाकण उघडलं तर आत काकवी! तोच काळसर तांबूस रंग, चमच्यावरून ओघळताना सुटणारी तीच संथ तार. वास मात्र वेगळा, भाजलेल्या धान्याचा आणि पाठोपाठ नाकात शिरणारा कडवट. इंग्लंडमध्ये लीड्सच्या आमच्या लहानशा स्वयंपाकघरात, मार्चमधल्या एका शनिवारी, मी घरी बिअर करायला घेतली ती या डब्यापासून.

किट म्हणजे तसा साधा संसार. १.७ किलो पाकाचा डबा, त्याच्या झाकणाखाली यीस्टची पुडी, घट्ट झाकणाची मोठी बादली, त्या झाकणात बसणारी एअरलॉकची नळी, निर्जंतुक करायची पावडर, तपकिरी प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि हायड्रोमीटर. साखर तेवढी घरची, एक किलो. डबा गरम पाण्यात ठेवून पाक सैल करायचा, उकळत्या पाण्यात साखरेबरोबर विरघळवायचा, गार पाणी घालून २३ लिटर करायचं आणि तापमान वीस अंशांच्या आसपास आलं की वरून यीस्ट भुरभुरायचं. तासाभरात सगळं उरकतं.

इतकं सोपं, कारण अवघड काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. ते काम मराठी घराला अगदीच अनोळखी नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण बाळाला सत्त्व देतो. मोड येताना दाण्यात विकर तयार होतात आणि ते पिठूळ भागाची साखर करू लागतात. म्हणून मोडाची नाचणी गोडसर लागते आणि तिची पेज पातळ होते. बिअरसाठी हेच बार्लीचं करतात. मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट. ते भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की विकर जागे होतात आणि पाणी गोड होतं. ते गाळून हॉपच्या फुलांबरोबर उकळायचं. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिचा कडवटपणा चवीसाठी तर हवाच, पण दही लावणाऱ्या जिवाणूंचे जे भाऊबंद बिअर आंबट करतात, त्यांनाही तो वाढू देत नाही. एवढं सगळं झाल्यावर पाणी आटवून जो पाक उरतो, तो आपल्या डब्यात येतो.

हॉप इंग्लंडमध्ये रुळले पंधराव्या शतकात, समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशांतून येऊन. त्याआधीची बिनहॉपची बिअर, म्हणजे एल, काही दिवसांतच आंबायची, म्हणून ती घरोघरी पुन्हा पुन्हा करावी लागे आणि ते काम मुख्यतः बायकांचं असे. ब्रूस्टर हे आडनाव मुळात अशाच बाईसाठीचा शब्द. टिकाऊ बिअर आली, मोठे हौद आले, भांडवल आलं आणि बायका त्या धंद्यातून बाहेर पडत गेल्या. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते. आईने फोनवर ‘अगं, बायकांनी करायचं काम का हे?’ असं विचारलं, तेव्हा मी तिला तीच सांगितली.

आईचा दुसरा प्रश्न जास्त गंभीर होता. ‘विषारी तर नाही ना होणार?’ २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसं गेली, ते आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. तिथे जीव घेतला मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यांत वापरायच्या विषारी अल्कोहोलने. बार्लीचा पाक यीस्टने आंबवताना धोका वाटावा इतकं मिथेनॉल तयार होत नाही, आणि यात ऊर्ध्वपातन, म्हणजे दारू गाळणं, मुळीच नसतं. घरच्या बिअरमधला खरा धोका वेगळाच आहे. तो मी पहिल्याच खेपेला ओढवून घेतला.

दुसऱ्या दिवशी एअरलॉकमधून बुडबुडे येऊ लागले. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, तो वायू नळीतल्या पाण्यातून बाहेर पडतो. ती गुडगुड ऐकताना मला फार आनंद होई. सहाव्या दिवशी ती थांबली. सूचनापत्रातही चार ते सहा दिवस असंच लिहिलेलं. मी अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरल्या, फेस यावा म्हणून प्रत्येकीत अर्धा चमचा साखर घातली आणि कपाटात ठेवून दिल्या. हायड्रोमीटर खोक्यातून बाहेरही काढला नव्हता.

दहा दिवसांनी बाटली हातात घेतली तर दगडासारखी टणक. बूच सैल करताच निम्मी बिअर फेसाच्या कारंज्याने भिंतीवर. शेजारच्या आजोबांना हाक मारली. ते १९७० च्या दशकापासून घरी बिअर करतात. या देशात १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली, मग पुढे बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही किट मिळू लागलं. आजोबांचं पहिलं किट तिथलंच. त्यांनी सगळ्या बाटल्या आधी थंड करायला लावल्या, मग एकेक बूच किंचित सैल करून वायू सोडायला लावला. ‘काचेच्या असत्या तर फुटल्या असत्या,’ ते म्हणाले आणि खोक्यातला हायड्रोमीटर काढून माझ्या हातात दिला.

दूध तपासायचा लॅक्टोमीटर ज्यांनी डेअरीत पाहिला असेल, त्यांना हे उपकरण लगेच कळेल. काचेची नळी द्रवात तरंगते, आत साखर जास्त असेल तर उंच राहते, कमी होत जाईल तशी बुडते. साध्या पाण्यात आकडा १.०००. दुसऱ्या बादलीत सुरुवातीला तो १.०३९ होता. सहाव्या दिवशी बुडबुडे पुन्हा थांबले, पण नळीने १.०१२ दाखवलं. दहाव्या दिवशी १.००८, बाराव्या दिवशीही १.००८. आता कुठे यीस्टचं काम संपलं होतं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं, इथे सुमारे चार टक्के.

१.०१२ आणि १.००८ मधला फरक नगण्य वाटतो. पण त्याचा अर्थ लिटरमागे आठ-दहा ग्रॅम साखर अजून शिल्लक. ती बंद बाटलीत आंबली की चार-पाच ग्रॅम वायू होतो, म्हणजे बिअरमध्ये एरवी असतो जवळपास तेवढाच. वर आपण घातलेली साखर वेगळीच. एअरलॉक थांबला म्हणजे काम संपलं, असं नसतं. रात्री घर गार पडलं की यीस्ट सुस्तावतं, झाकण नीट बसलं नसेल तर वायू भलतीकडूनच निघून जातो. म्हणून दुसरी बादली मी बॉयलरच्या कपाटात ठेवली, तापमान १८ ते २२ अंशांत राहील अशा बेताने. फार उबेतही उपयोग नाही, चवीला पिकल्या फळासारखा उग्र दर्प येतो.

बाकी राहतं ते स्वच्छतेचं काम. यीस्ट घातल्यावर बिअरला स्पर्श होणारी प्रत्येक वस्तू आधी धुवायची, मग निर्जंतुक करायची. बादलीच्या नळाची चकती काढून घासायला मी एकदा कंटाळले होते, पुन्हा कंटाळणार नाही. दही लावते त्या दिवशी बादली उघडत नाही.

दुसऱ्या खेपेची पहिली बाटली तीन आठवड्यांनी उघडली. बारीक फेस, तांबूस रंग, कडवटपणा थोडा कमी. आजोबांनी पेला उजेडात धरला, प्यायले आणि दुसरा मागितला.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये. तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, बिअरसुद्धा. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती करायला मुभा आहे, विकायला नाही. इथे राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने किट आणलंच, तर खोक्यातून सर्वांत आधी हायड्रोमीटर काढा, आणि दोन दिवसांच्या अंतराने तोच आकडा दोनदा आल्याशिवाय एकही बाटली भरू नका.