गोष्टीतील सांधे

जबलपूरचा मराठीशी संबंध जुना आहे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि त्या राज्याचे उच्च न्यायालय तेथे आले. तेथील मराठी घरांतली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत लिहितात. सिव्हिल लाइन्समधल्या अशाच एखाद्या घरी सहावी-सातवीतल्या मुलाला आजोबांनी भेडाघाटची सहल मराठीत लिहावयास सांगितली, असे समजू या.

मुलगा लिहितो : आम्ही सकाळी निघालो. मग चौसष्ट योगिनींचे मंदिर पाहिले. मग धुवांधार पाहिला. मग नावेत बसलो. मग घरी आलो.

येथे 'मग' या शब्दावर राग धरण्याचे कारण नाही. तो कहाणीचा जुना सोबती आहे. आजी गोष्ट सांगत असता मध्येच थांबते आणि नातवंडे विचारतात, 'मग काय झालं?' सांगण्यात हा शब्द ऐकणाराकडून येतो. लिहिताना समोर ऐकणारा नसतो, म्हणून मूल दोघांचेही काम एकटेच करते. स्वतःच विचारते आणि स्वतःच उत्तर देते. दोष 'मग'चा नाही. तो शब्द क्रम तेवढा सांगतो, आणि घटनांमध्ये क्रमापलीकडेही नाते असते.

हे नाते किती महत्त्वाचे, ते दोनच वाक्यांवरून दिसेल. 'आईने हाक मारली. धाकटा भाऊ पाण्याकडे धावला.' आता सांधा घाला. 'आईने हाक मारली, तरी धाकटा भाऊ पाण्याकडे धावला' म्हटले की भाऊ अपराधी ठरतो. 'आईने हाक मारली, तेवढ्यात भाऊ पाण्याकडे धावला' म्हटले की दोष कोणाचाच नाही. वाक्ये उलटवून 'भाऊ पाण्याकडे धावला, म्हणून आईने हाक मारली' असे लिहिले, तर आईची दक्षता पुढे येते. घटना त्याच, न्याय मात्र तीन प्रकारचा. काय घडले हे ठाऊक असूनही, ते कसे घडले याविषयी मुलाचे मन निश्चित नसेल, तर त्याला योग्य शब्द सापडणार नाही. शब्दांची यादी पाठ करून हे साधत नाही. शालेय व्याकरणात 'आणि', 'पण', 'म्हणून' ही उभयान्वयी अव्ययांत येतात, तर 'नंतर', 'तेवढ्यात' ही क्रियाविशेषणांत. दोन्ही कोष्टके पाठ असलेला विद्यार्थीही गोष्ट लिहिताना पुन्हा 'मग'कडेच वळतो.

शिवाय मराठीत सांधा नेहमी स्वतंत्र शब्दातच असतो असे नाही. पुष्कळदा तो क्रियापदाच्या पोटात असतो. 'पायऱ्या उतरून आम्ही घाटावर आलो', 'नाव वळताच संगमरवरी कडे दिसू लागले', 'ऊन कलल्यावर परत निघालो', 'पाहता पाहता अंधार पडला' या वाक्यांत एकही जोडशब्द नाही, तरी धागा तुटत नाही. मात्र 'ऊन' प्रत्यय लावताना सावध राहावे. दोन्ही क्रिया सामान्यतः एकाच कर्त्याच्या हव्यात. 'नाव थांबून आम्ही उतरलो' हे कानाला खटकते; 'नाव थांबल्यावर' हवे. 'पाऊस पडून रस्ता निसरडा झाला' हे चालते, कारण तेथे पहिली क्रिया दुसरीचे कारण आहे.

जबलपूरच्या मुलापुढे आणखी एक पेच असतो. हिंदी आणि मराठी इतक्या जवळच्या, की एकीचा सांधा दुसरीत नकळत बसवला जातो. हिंदीतील 'इतने में' आणि मराठीतील 'इतक्यात' सख्ख्या बहिणीच. तेथे अडचण नाही. परंतु हिंदी 'इसके बाद' म्हणते म्हणून मुलगा 'याच्यानंतर' लिहितो. मराठी कथन मागे वळून पाहते आणि 'त्यानंतर' म्हणते. 'इसलिए'चे तो 'यासाठी' करतो, जेथे 'म्हणून' हवे. 'फिर'चे दोन अर्थ, 'मग' आणि 'पुन्हा', यांची तर हमखास गल्लत होते. ही चूक अज्ञानाची नव्हे, दोन घरे सांभाळणाऱ्याची आहे. लाल शाईने ती सुधारत नाही, मोठ्याने वाचून दाखवल्यावर पुष्कळदा सुधारते.

उलटपक्षी काही सांधे मराठीत विशेष खुलतात. 'घाटावर येऊन पाहतो तर नाव निघून गेलेली' यातील 'तर' अट सांगत नाही, अचंबा सांगतो. असा एक 'तर' योग्य जागी पडला की पाच 'मग' आपोआप गळतात.

घरी करून पाहण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. सहलीची चार-पाच सुटी वाक्ये मुलाला द्यावीत आणि ती दोनदा जोडावयास सांगावीत : एकदा रागावलेल्या आईच्या तोंडून, एकदा धाकट्या भावाच्या. आईच्या हकीकतीत 'तरी' आणि 'तरीसुद्धा' येतील. धाकटा भाऊ बहुधा असे सांगेल : 'हाक मला ऐकूच आली नाही, कारण धुवांधारचा आवाज फार मोठा होता.'